नैरोबीत घर ठरवण्याआधी केअरटेकरशी बोला

नैरोबीला बदली झालीय, बायको-मुलगी सोबत येणार, तर पाणी, कचरा, बस यांसाठी महापालिकेत कुणाला भेटायचं, असं तुम्ही विचारलंत. २०१३ पासून शहराचा कारभार नैरोबी सिटी काउंटी या स्थानिक सरकारकडे आहे, पण रोजच्या कामासाठी तिथे जायची वेळ क्वचितच येईल. गाठ पडेल ती इमारतीच्या केअरटेकरशी, रहिवासी संघटनेशी आणि मटाटूवाल्यांशी, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसवाल्यांशी.

आधी पाणी. बऱ्याच भागांत नळाला ठरावीक दिवशीच पाणी येतं. बोअर आहे का, टँकर कोण मागवतं, त्याचे पैसे सर्व्हिस चार्जमध्ये धरलेत का, हे एजंटला नाही, केअरटेकरला विचारा. मुलगी लहान असेल तर बोअरचं पाणी प्यायला देऊ नका, इथल्या भूजलात फ्लोराइड जास्त असतं.

पार्कलँड्स-वेस्टलँड्सकडे रस्त्यावरचं फाटक, पहारेकरी, कचऱ्याची खासगी गाडी हे बरेचदा रहिवासीच वर्गणी काढून चालवतात. वर्गणी एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या इथल्या सेवेने, संघटनेच्या खात्यावरच भरा, म्हणजे नोंद राहते.

मटाटू खासगी मालकांच्या. सॅको नावाच्या सहकारी संस्थेत किंवा कंपनीत असल्याशिवाय मालकाला परवाना मिळत नाही. कुठल्या थांब्यावरून कुठली गाडी सुटणार, हे बहुतांशी हेच लोक ठरवतात. मार्गांचा नीट नकाशासुद्धा २०१४ मध्ये झाला. नैरोबी विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी मोबाइल घेऊन गाड्यांतून फिरून तो काढला. संध्याकाळी पाऊस आला की भाडं चढतं. कंडक्टर दारात लटकून पत्रा बडवतो, गाडी लगेच हलते, म्हणून चढण्याआधीच भाडं विचारा.

ऑफिसातले लोक पुढेमागे ‘चामा’त बोलावतील. आपल्या भिशीसारखंच, पण जमीन घेण्यापासून अंत्यविधीच्या खर्चापर्यंत सगळं त्यातून निघतं. उशिरा आलात तर दंडही होतो. जरूर जा. माणसं तिथेच कळतात.

या सगळ्याला अनागोंदी म्हणणारे आपले लोक भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. इथे नियम आहेत आणि ते पाळलेही जातात. खरा दोष वेगळा आहे. ज्याच्याकडे पैसे, त्याचीच सोय होते. किबेरा या झोपडपट्टीत २० लिटरच्या कॅनने पाणी विकत घेणारं कुटुंब लिटरमागे नळवाल्यांच्या कितीतरी पट मोजतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई बहुधा अशाच वस्तीतून येतील. पगार ठरवताना त्यांचं पाणी आणि पावसाळ्यातलं मटाटूचं भाडं धरा.