संमीलन की संलयन?

जिंतूरच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: सूर्याच्या गाभ्यात अणूंची केंद्रकं (अणूंचे मधले भाग) जुळून नवं केंद्रक बनतं (इंग्रजीत न्यूक्लिअर फ्यूजन), त्याला 'केंद्रकीय संमीलन' म्हणावं की 'केंद्रकीय संलयन'? मुलांना वाचनात दोन्ही शब्द भेटतात, आणि त्यांच्या एका सहकाऱ्यांच्या मते संलयन हा हिंदी शब्द आहे, मराठीत नको.

दोन्ही शब्द वापरात आहेत आणि दोन्ही चालतात. माझा कौल संलयनाला आहे.

संमीलनातला धातू 'मील्', म्हणजे मिटणे. अर्धोन्मीलित डोळे, निमीलन, उन्मीलन ही त्याचीच भावंडं. भेटणे या अर्थाचा धातू 'मिल्', ऱ्हस्व. मिलन आणि संमेलन त्यातून आले. उच्चार इतके जवळचे, की मिटण्याचा शब्द भेटण्याकडे सरकला असावा. एरवी मी एवढा कीस काढला नसता, पण पंचांग उघडून पाहा. ग्रहणाच्या तपशिलात स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष असा क्रम असतो. तिथे संमीलन म्हणजे बिंब पूर्ण झाकलं जाण्याचा क्षण. म्हणजे सूर्याच्याच बाबतीत हा शब्द आधीपासून दुसऱ्या कामाला लागलेला आहे!

संलयनात धातू 'ली': चिकटणे, विरघळणे, एकरूप होणे. लय, विलय, लीन, तल्लीन हे त्याचेच. हिंदीत संलयन रूढ आहे, म्हणून तो मराठीला परका ठरत नाही. मराठवाड्यात तर नाहीच नाही. 17 सप्टेंबर जवळ आला की हैदराबाद संस्थानाचं विलीनीकरण हा शब्द शाळेतल्या भाषणांतून लहान पोरांच्याही कानावर पडतो. त्यातही हाच धातू. मात्र विलीन होताना एक दुसऱ्यात सामावतो आणि दुसरा कायम राहतो. सूर्यात हायड्रोजन हायड्रोजन राहत नाही. तयार होतो तो हेलियम. म्हणून 'वि' ऐवजी 'सम्' हवा.

हे घडतं कसं, तेही सांगतो, कारण शब्दाची पारख तिथेच होते. गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश सेल्सिअसच्या घरात. दोन प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, जुळतात, त्यातला एक न्यूट्रॉन होतो आणि ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, केंद्रक बनतं. त्याला आणखी एक प्रोटॉन मिळाला की हेलियम-3, आणि अशी दोन केंद्रकं भिडली की हेलियम-4. दोन प्रोटॉन पुन्हा मोकळे. हिशेबाने चार प्रोटॉनांचा एक हेलियम, पण वजन सुमारे 0.7 टक्क्यांनी कमी भरतं. ती तूट म्हणजेच ऊर्जा. दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान असं ऊर्जेत जातं. भौतिकशास्त्रज्ञ हांस बेथे यांनी 1939 साली ताऱ्यांतल्या अशा प्रक्रियांचा हिशेब मांडला. त्यांना 1967 चं नोबेल मिळालं.

आता 'सूर्य जळतो'. मे महिन्यात परभणीत कोणी 'सूर्य आग ओकतोय' म्हणालं तर त्याला टोकू नये, ती बोली आहे. विज्ञानाच्या तासाला मात्र जळणे नको. ज्वलनात अणूंची जोडणी बदलते, केंद्रकाला धक्का लागत नाही. सूर्य नुसता कोळशासारखा जळत असता तर काही हजार वर्षांत विझला असता. त्याचं वय सुमारे 460 कोटी वर्षं आहे. शिवाय गाभ्यात भडका असा नाहीच. तिथल्या एका घनमीटरमधून तीनशे वॉटही निघत नाहीत, साधारण तापलेल्या उकिरड्याइतकेच. सूर्याचा दरारा आहे तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे.

'अणुसंलयन' टाळावं, कारण एकरूप होतात ती केंद्रकं. परीक्षेत मुलांनी आपल्या पाठ्यपुस्तकातलाच शब्द लिहावा, त्यावर गुण जाऊ देऊ नयेत. आणि फळ्यासमोर समजावताना सरांनी सरळ 'केंद्रकं एकजीव होतात' म्हणावं. पारिभाषिक शब्द त्यानंतर लिहून द्यावा.