ती पिन पुढे देऊ नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तू पाठवलेला फोटो पाहिला. डिस्नेच्या पात्रांच्या शंभर पिना, म्हणजे ते धातूचे छोटे रंगीत बिल्ले, पन्नास डॉलरला मिळाल्या म्हणून तू किती खूश आहेस, ते तुझ्या मेसेजवरूनच कळत होतं. शनिवारी डिस्ने वर्ल्डला जाऊन त्या देऊन दुसऱ्या पिना बदलून आणायच्या, असंही तू लिहिलंस. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितोय.

त्या पिना बहुतेक सगळ्या नकली आहेत. पार्कमधल्या दुकानात साध्या पिनेलाही दहा-पंधरा डॉलर पडतात. तीच अर्ध्या डॉलरला कशी परवडेल? इथले संग्राहक अशा पिनेला ‘स्क्रॅपर’ म्हणतात. कुठे कारखान्यात डिस्नेची ऑर्डर पूर्ण झाल्यावरही साचा चालूच ठेवलेला असतो, कुठे सदोष म्हणून बाजूला काढलेला माल मागच्या दाराने बाहेर येतो, तर कुठे खऱ्या पिनेवरून नवा साचाच पाडलेला असतो.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. वाढदिवसाला तुला दुकानातून घेऊन दिलेली पिन आणि या पाकिटातली एक, अशा दोन्ही टेबललॅम्पखाली शेजारी शेजारी ठेव. कडेवरून बोट फिरव, नकली पिनेची कड बऱ्याचदा बोचते. मग ती तिरकी धरून रंगाकडे बघ. एनॅमलमध्ये, म्हणजे त्या चकचकीत रंगाच्या थरात, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतील, कुठे रंग काठापर्यंत पोचलेला नसेल, कुठे शेजारच्या रंगाच्या भागात ओघळलेला असेल. नंतर उलटी कर. मागे मिकीच्या डोक्यांची जाळीसारखी नक्षी असेल, तर खऱ्या पिनेत ती सहसा थेट कडेपर्यंत जाते, डोकी अर्धवट कापली जातात. नकलेत बऱ्याचदा कडेला पट्टी सोडून जाळी आत थांबते. एकाच खुणेवरून निकाल देऊ नकोस. दोन-तीन खुणा जुळल्या, की मग फारशी शंका उरत नाही.

आता मुद्द्याचं. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये, नव्या सहस्रकाच्या उत्सवाबरोबर, फ्लोरिडात ही अदलाबदल सुरू झाली. तिचा नियम फार सुंदर आहे: एकीच्या बदल्यात एक. पिन धातूची आणि मागे डिस्नेचा शिक्का, एवढं असलं की कास्ट मेंबर, म्हणजे पार्कमधले कर्मचारी, ती घेतात आणि गळ्यातल्या पट्ट्यावरची तुला हवी ती देतात. लहान मूल असो की मोठा माणूस, कोणालाही आधी काही सिद्ध करावं लागत नाही. नकली पिना शिरतात त्या नेमक्या इथूनच, कारण शिक्का त्यांच्यावरही असतो.

खोटी नोट हातात आली की माणूस आधी तीच खपवायला बघतो, खरी खिशात ठेवतो. पिनांचंही तेच झालं. चांगल्या पिना घरच्या वह्यांमध्ये गेल्या आणि पट्ट्यांवर फिरत राहिल्या त्या नकली. मुरलेले संग्राहक हळूहळू ओळखीच्या लोकांतच बदलू लागले. अनोळखी माणसासमोर पट्टा धरायचा आणि दोन शब्द बोलायचे, यात या छंदाचा जीव होता. तोच आटत चाललाय, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पाचशेच नगांच्या मर्यादित मालिकेचीही नक्कल निघाली, की त्या पाचशे आकड्याला काय अर्थ राहतो? पण खरा फटका बसतो तो नव्याने आलेल्या मुलाला.

ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यात दोष माझाच होता. इथे आलो त्या सुरुवातीच्या वर्षांत मीही असंच पाकीट घेतलं होतं. त्यात डोनाल्डची एक पिन होती, टोपीचा निळा रंग चोचीवर उतरलेला. ती नकली आहे हे मला तोवर कळलं होतं. तरी मी ती पार्कमध्ये एका कास्ट मेंबरला दिली आणि किल्ल्याची एक सुरेख पिन घेतली. बाजूला उभा राहून तिच्या मागच्या टोकावर रबरी टोपी बसवत होतो, तेवढ्यात सहाएक वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली. तिने नुकतीच घेतलेली पिन कागदावरून सोडवली, दोन्ही हातांनी त्याच कास्ट मेंबरपुढे केली आणि माझा डोनाल्ड मागितला. तो मिळाल्यावर वडिलांना उंच धरून दाखवला. मी चार पावलांवर होतो. पुढे होऊन किल्ला तिला द्यायला हवा होता. दिला नाही. ती किल्ल्याची पिन अजून माझ्या खणात आहे, पट्ट्यावर लावायला हात धजावत नाही.

म्हणून सांगतो, शनिवारी त्या पाकिटातली एकही पिन नेऊ नकोस. विकणाऱ्याला आधी फोटो पाठवून पैसे परत माग. पैसे मिळोत न मिळोत, ‘नकली’ असं सांगूनसुद्धा त्या पुढे विकू नकोस. घेणारा तेच पुढच्याला सांगेल याची खात्री नाही. पन्नास डॉलर तुझ्यासाठी थोडे नाहीत, हे मला ठाऊक आहे.

शुक्रवारी संध्याकाळी पाकीट घेऊन घरी ये. सगळ्या पिना टेबलावर पसरू आणि एकेक तपासू, एखाद-दुसरी खरी निघेलही. बदलायला माझ्याकडच्या दहा पिना ने. सगळ्या दुकानातून घेतलेल्या आहेत आणि माझ्याकडे दोन-दोन आहेत. येताना तुझा पट्टा विसरू नकोस, आणि रबरी टोप्या वेगळ्या डबीत आण, गाडीत पडल्या की सापडत नाहीत.

तुझा,
काका