दहा मिनिटांची भेट : पडद्यावर की समोरासमोर?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत शिकते. साथीच्या काळात शाळा बंद असताना पालक-शिक्षक भेटी ऑनलाइन सुरू झाल्या आणि शाळा उघडल्यावरही त्या तशाच चालू राहिल्या. या भेटी ऑनलाइनच ठेवाव्यात की पुन्हा शाळेत घ्याव्यात, यावर आता शाळेने पालकांचे मत मागवले आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. ऑनलाइन भेटीसाठी रजा काढावी लागत नाही, ही सोय मोठी आहे. तरीही गेल्या दोन वर्षांत वर्गशिक्षिकांशी माझे एकदाही मनमोकळे बोलणे झालेले नाही. गुण सांगितले जातात, ‘बाकी सगळे ठीक आहे’ असे ऐकायला मिळते आणि दहा मिनिटे संपतात. मुलगी हल्ली शाळेविषयी घरी फारसे बोलत नाही. मी शाळेला काय कळवावे?
— एक आई

उत्तर : मुलगी हल्ली शाळेविषयी बोलत नाही, हे आपण पत्राच्या अगदी शेवटी लिहिले आहे, मला मात्र तेच आधी घ्यावेसे वाटते. शाळेला मत कळवण्याची मुदत केव्हाही असो, त्याआधी वर्गशिक्षिकांकडून वेळ मागून घ्या आणि शाळेत जाऊन त्यांना भेटा. या भेटीत गुणांचा विषय काढू नका. मुलगी मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असते, वर्गात कोणाशेजारी बसते, उत्तर येत असताना हात वर करते का, पूर्वीपेक्षा काही बदल जाणवतो का, एवढेच विचारा. कदाचित काहीही निघणार नाही, वयाबरोबर मुले घरी कमी बोलू लागतात. पण ते खात्रीने समजण्यासाठी ज्या व्यक्तीला आपली मुलगी दिवसाचे पाच-सहा तास दिसते, तिच्यासमोर बसणे आवश्यक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. ऑनलाइन भेटीची पद्धत फारशी कोणी विचारपूर्वक निवडलेली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद झाल्याचा परिणाम जगभरातील १५० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांवर झाल्याचे युनेस्कोने नोंदवले होते, आणि त्या दिवसांत पालकांशी बोलायला पडदा किंवा फोन याखेरीज मार्गच उरला नव्हता. अडचणीच्या काळात पत्करलेली सोय पुढेही ठेवायची असेल, तर ती नेमकी कोणत्या कामासाठी ठेवायची हे तपासले पाहिजे. पालक-शिक्षक भेटीत दोन निराळी कामे एकत्र बांधलेली असतात. पहिले काम माहिती देण्याचे : गुण, हजेरी, अपुरा राहिलेला गृहपाठ, परीक्षेचे वेळापत्रक. दुसरे काम मुलाविषयी दोघांनी मिळून विचार करण्याचे, कारण शिक्षकांना दिसणारे मूल आणि पालकांना दिसणारे मूल यांत अंतर असते आणि ही दोन्ही चित्रे एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय बऱ्याच गोष्टींचा उलगडाच होत नाही. पहिले काम पडद्यावर उत्तम होते. किंबहुना त्यासाठी भेटीचीही गरज नाही, लेखी टिपण पुरते. दुसरे काम पडद्यावर अवघड जाते, आणि आपल्याला जी उणीव जाणवते आहे ती याच कामातील आहे.

ते अवघड का जाते, याची काही कारणे तपशिलात सांगण्यासारखी आहेत. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत किती वेळ जातो, याचा अभ्यास टान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांमध्ये केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग इतकेच आढळले. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज पोहोचायला काही वेळ लागतोच. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चांगल्या कॉलमध्येही धरून चालावा लागतो. जाऊन-येऊन तो ३०० होतो, म्हणजे स्वाभाविक विरामाहूनही जास्त. मग दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात, आणि ‘बोला, तुम्ही बोला’ यातच धागा तुटतो. यापेक्षाही गंभीर परिणाम मला वेगळा वाटतो. ‘तिची वर्गात मैत्री आहे ना?’ या प्रश्नानंतर शिक्षिका क्षणभर थांबल्या, तर समोर बसलेल्या आईला त्या थांबण्यातला अर्थ कळतो आणि ती पुढचा प्रश्न विचारते. पडद्यावर तो विराम संकोचाचा होता की नेटवर्कचा, हे ओळखता येत नाही. त्यामुळे जो प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारलाच जात नाही.

नजरेचेही तसेच आहे. कॅमेरा पडद्याच्या वर असतो आणि आपण पाहतो पडद्यावरच्या चेहऱ्याकडे, म्हणून दोघेही समोरच्याला खाली पाहत असल्यासारखे दिसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत चेहऱ्यांची अनैसर्गिक जवळीक, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणे, एका जागी जखडून बसावे लागणे आणि हावभाव समजण्यासाठी मनावर पडणारा जादा ताण, या चार गोष्टी होत्या. हे ओझे शिक्षकांच्या बाजूने मोजून पाहा. वर्गात ३० मुले आणि प्रत्येकी १० मिनिटे धरली, तर सलग पाच तास होतात. शेवटच्या पालकांपर्यंत पोहोचताना ‘सगळे ठीक आहे’ हे वाक्य तोंडी बसलेले असते, आणि त्यासाठी मी आपल्या वर्गशिक्षिकांना दोष देणार नाही.

वर्गात शिकवत असतानाचा एक अनुभव येथे सांगते. एक मुलगा उदाहरणे वारंवार चुकत होता आणि त्याचे लक्ष नसते असे मी ठरवून टाकले होते. त्याचे वडील भेटायला आले तेव्हा त्याची वही आमच्या दोघांच्या मध्ये उघडी होती. पाने उलटता उलटता ते म्हणाले, “बाई, पुस्तकातली गणितं सगळी बरोबर आहेत, फळ्यावरून उतरवलेलीच चुकली आहेत.” मग ते मुलाच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून फळा केवढा दूर आहे ते त्यांनी पाहिले. घरीही तो पुस्तक डोळ्यांशी धरून वाचतो, असे त्यांनी सांगितले. पुढच्या आठवड्यात त्याचे डोळे तपासले गेले आणि चष्मा लागला. वही मी रोज पाहत होते आणि घरची सवय वडील रोज पाहत होते, पण ती वही मध्ये ठेवून आम्ही एकत्र बसेपर्यंत दोघांनाही काही उमगले नव्हते. पडद्यावर मी त्यांना गुण वाचून दाखवले असते आणि मुलाला लक्ष द्यायला सांगा, असे म्हटले असते. ही खंत आजही माझ्या मनात आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. ऑनलाइन भेट घरातून होते आणि घरात मुलगी असते. दार लोटलेले असले तरी आवाज पोहोचतो. शिक्षिकांनाही ते ठाऊक असते, म्हणून त्या जपून बोलतात. नाजूक विषयावर ऑनलाइन बोलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर निदान इअरफोन लावा, मुलगी घराबाहेर असेल अशी वेळ घ्या आणि आपण एकट्याच आहोत हे सुरुवातीलाच शिक्षिकांना सांगा.

म्हणून ऑनलाइन भेटी बंदच कराव्यात, असे मी सुचवणार नाही. पाळीत काम करणारे पालक, दुसऱ्या गावी नोकरी असलेला बाप किंवा आई, तान्ह्या बाळाला सोडून निघू न शकणारी आई, जिना चढणे शक्य नसलेली व्यक्ती, विभक्त झालेले आणि एका खोलीत बसणे अवघड जाणारे आईवडील, या सर्वांना पडद्याने शाळेचे दार उघडून दिले आहे. ते पुन्हा लावून घेणे अन्यायाचे होईल. शाळेला आपण असे कळवावे की वर्षातील पहिली भेट, शाळा सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात, समोरासमोर व्हावी आणि नोकरदार पालकांसाठी तिच्या काही वेळा संध्याकाळच्या किंवा सुट्टीच्या दिवशीच्या असाव्यात; एकदा ओळख झाली की मधल्या भेटी ऑनलाइन चालतील. गुणांचा तक्ता भेटीच्या दोन दिवस आधी पाठवावा, म्हणजे दहा मिनिटे आकडे वाचण्यात जाणार नाहीत. आणि शिक्षक किंवा पालक यांपैकी कोणालाही काळजीचे काही जाणवले, तर वेळापत्रकाची वाट न पाहता प्रत्यक्ष भेट मागण्याची मुभा दोघांनाही असावी.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. ऑनलाइन भेटी सुरू झाल्यापासून पूर्वी कधीही न दिसलेले काही पालक येऊ लागले, परंतु त्यांतील अनेक जण कॅमेरा बंद ठेवतात. काही पालक तर अजूनही कोणत्याच प्रकारे येत नाहीत. ज्यांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही, त्यांच्यासाठी शाळेने किती प्रयत्न करावेत?
— एक शिक्षक

उत्तर : सर, आपली तळमळ मला समजते, पण ‘आस्थाच नाही’ या निष्कर्षाशी मी सहमत नाही. पालक शाळेच्या कामात का सहभागी होतात, याचा विचार करताना कॅथलीन हूवर-डेम्प्सी आणि हॉवर्ड सँडलर या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात तीन गोष्टींवर भर दिला : हे आपले काम आहे असे पालकाला वाटते का, आपल्या बोलण्याने मुलाला काही उपयोग होईल असा त्याला विश्वास आहे का, आणि शाळेला व मुलाला आपण खरोखर हवे आहोत असे त्याला जाणवते का. यांतील तिसरी गोष्ट बरीचशी आपल्या हातात आहे. शाळेकडून ज्यांना केवळ तक्रारीसाठी बोलावणे येते, ते पुढच्या बोलावण्याला घाबरतात. ज्यांनी स्वतः शाळेत अपमान सोसला आहे, त्यांना वर्गाच्या दारातून आत येतानाच जुने दिवस आठवतात. अशा पालकाला पडद्यावरची भेट सोपी वाटते, आणि कॅमेरा बंद असलेली तर आणखी सोपी. घर दाखवण्याचा संकोच असेल, एकाच खोलीत इतर माणसे असतील, मोबाइलचा डेटा पुरत नसेल. कॅमेरा सुरू करण्याचा आग्रह धरू नका. उलट, साधा फोन चालेल का, असे आपणच विचारा. केवळ आवाजावर चालणाऱ्या संभाषणात दिसण्याचे दडपण नसते, आणि संकोची माणूस तिथे अधिक मोकळा होतो असे मी अनेकदा पाहिले आहे.

जे येतच नाहीत त्यांच्यासाठी माझी एकच सूचना आहे, ती करून पाहावी अशी कळकळीची विनंती आहे. पुढच्या भेटीच्या पंधरा दिवस आधी त्या घरी एक छोटा फोन करा आणि मुलाने वर्गात केलेली एखादी चांगली, खरी आणि नेमकी गोष्ट सांगा. ‘हुशार आहे’ असे मोघम नको. ‘काल त्याने शेजारच्या मुलाला भागाकार समजावून सांगितला’ असे काहीतरी. भेटीचा विषय त्या फोनमध्ये काढू नका. निमंत्रण नंतर, वेगळे पाठवा.

प्रश्न : ऑनलाइन पालक-शिक्षक भेटीचे रेकॉर्डिंग करून ठेवावे का? माझी पत्नी त्या वेळी कामावर असते आणि तिलाही ऐकता यावे असे वाटते.
— एक वडील

उत्तर : शिक्षकांना आधी विचारल्याशिवाय करू नये. परवानगी मिळाली तरी रेकॉर्डिंग सुरू आहे हे कळल्यावर शिक्षक सावध होतात, आणि आपल्याला जे ऐकायचे असते तेच नेमके बोलायचे राहून जाते. त्याऐवजी शाळेला विचारून पत्नीला तिच्या कामाच्या ठिकाणाहून त्याच लिंकवर जोडून घ्या. दोघांनी दोन ठिकाणांहून येण्याची ही सोय समोरासमोरच्या भेटीत नसते. तेही शक्य नसेल, तर मुद्दे कागदावर लिहून घ्या, भेट संपण्यापूर्वी ते शिक्षकांना एकदा वाचून दाखवा आणि रात्री मूल झोपल्यावर पत्नीशी त्याविषयी बोला.