खाडीकाठचं उताराचं घर: सळईआधी पाण्याचा हिशोब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागर तालुक्यात खाडीकडे उतरणारी जागा, वर जांभा, समुद्र सरळ रेषेत अर्धा-पाऊण किलोमीटर. तळमजला अधिक एक मजला बांधायचा आहे. ठेकेदार म्हणतो एकास दीड-तीन माल (एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी) पुरे, वाळू खाडीचीच घेऊ, उताराचा वरचा भाग कापून खाली भराव टाकू, आणि स्लॅब मे अखेरीला ओतू म्हणजे पाऊसच क्युरिंग करेल, काँक्रीट ओलं ठेवेल. तुमची शंका एवढीच, की सळई वाढवायची का आणि सल्फेट-रोधक सिमेंट घ्यायचं का.

मी चोवीस वर्षं खेड ते मालवण या पट्ट्यात घरांची कामं करतोय. माझं स्पष्ट मत असं, की सळई इंजिनीअरने दिली आहे तेवढीच ठेवा आणि ठेकेदाराच्या बाकीच्या चारही गोष्टी बदला. आपल्याकडचं दोन मजली घर वजनाला कमी पडल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. पाण्याने आणि मिठाने खाल्लेली घरं मात्र दर वर्षी बघतो.

त्यातलं एक आमचंच. १९९८ साली बांधलं, वाळू खाडीची, पाणी घराजवळच्या विहिरीचं. बारा-तेरा वर्षांनी पडवीवरच्या स्लॅबला खालून तांबूस रेघा दिसायला लागल्या, सळईच्या बरोबर खाली, एकसारख्या अंतरावर. आम्ही त्यावर रंग मारला. मग एका पावसाळ्यात, रात्री, ताटाएवढा तुकडा खाली आला. दिवसा तिथे आई आमसुलं वाळत घालायची. तो तुकडा मी हातात घेऊन पाहिला. एका बाजूला गिलावा, दुसऱ्या बाजूला सळईच्या नक्षीचा ठसा आणि गंजाचा पोपडा. मधलं काँक्रीट माझ्या करंगळीच्या नखाएवढं जाड. कडेला एक अख्खा शिंपला. सगळी चूक त्या एका तुकड्यात वाचता येत होती. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती मिळाली नाही की तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. अशा ठिकाणी जाड सळई घातली तर गंजायला जास्त लोखंड मिळतं, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट कव्हर, म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांतलं अंतर. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं मानक (२००० सालची आवृत्ती) समुद्रकाठच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘सीव्हिअर’ गटात टाकतं. त्या गटासाठी किमान एम-३० काँक्रीट (एम-नंतरचा आकडा मोठा, तितकी ताकद जास्त), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. तुमच्या ठेकेदाराचा एकास दीड-तीन म्हणजे एम-२०. तो मानकात ‘माइल्ड’ गटाला चालतो, पुण्या-नाशकाकडच्या आतल्या खोलीला. घराच्या आतल्या भागाला इथेही थोडी सूट मिळते, पण एकाच घरात दोन प्रकारचा माल कालवायला लावलात की साइटवर गोंधळ होतो. सगळं एम-३० करा. आणि एम-३० घमेल्याच्या मापाने होत नाही. तुमचीच खडी, तुमचीच वाळू प्रयोगशाळेत देऊन मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचं नेमकं प्रमाण, करून घ्या. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हे काम होतं. स्लॅबच्या खर्चापुढे ती फी किरकोळ आहे.

कव्हरबद्दल एक धोक्याची सूचना. हे वाचून सेंट्रिंगवर (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या साच्यावर) जाऊन ‘सळईखालचे ब्लॉक मोठे लावा’ असं परस्पर सांगू नका. पाच इंची स्लॅबमध्ये सळई वर सरकवली की स्लॅबची कामाची खोली घटते आणि ताकद कमी होते. ४५ मिलिमीटर कव्हर धरून जाडी पुन्हा काढायला इंजिनीअरला सांगा. बाल्कनी आणि छज्जा यांत तर मुख्य सळई वरच्या बाजूला असते. कामगार तिच्यावरून चालतात, ती दबते आणि नेमकी तळाला जाऊन बसते. तिच्याखाली सळईच्या खुर्च्या दाट लावा आणि माल ओतताना चालायला फळ्या टाका. कव्हर ब्लॉक स्वतःच पाडून घ्या, स्लॅबच्याच ताकदीच्या मालाचे, मध्ये बाइंडिंग वायर घालून, आणि आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा. सळईखाली खडीचा दगड किंवा चिऱ्याची कपची सरकवायची सवय सगळीकडे आहे, ती चालवून घेऊ नका. चिरा पाणी पितो. आणि बाइंडिंग वायरची शेपटं आतल्या बाजूला वळवायला लावा. ती सेंट्रिंगच्या प्लायला टेकली की वर्षभरात तिथे गंजाचा ठिपका येतो आणि तीच मिठाची वाट होते.

सल्फेट-रोधक सिमेंटचा सल्ला तुम्हाला कुणीतरी चांगल्या मनाने दिला असेल, पण इथे तो उलटा पडतो. त्या सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट मुद्दाम कमी ठेवलेलं असतं आणि मिठातल्या क्लोराइडला बांधून ठेवायचं काम नेमकं तेच करतं. आपला शत्रू क्लोराइड आहे. स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) मिळालं तर ते घ्या, नाहीतर चांगलं ताजं पीपीसी (राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट). दोन्ही हळू ताकद धरतात, त्यामुळे पाणी जास्त दिवस मारायचं आणि सेंट्रिंग काढायची घाई करायची नाही. इपॉक्सी लावलेल्या सळईच्या मी विरोधात नाही, पण आपल्या साइटवर ती वाकवताना, ओढताना, आपटताना लेप निघतो आणि त्या जखमेपाशीच गंज एकवटतो. तो पैसा मिक्स डिझाइन, व्हायब्रेटर आणि देखरेखीवर खर्च करा.

आता वाळू आणि पाणी. खाडीची वाळू नको. ‘धुऊन घेतो’ म्हणतील, पण पाचशे घनफूट वाळू गोड्या पाण्याने खरोखर धुतलेली मी तरी पाहिलेली नाही. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्या. ती जरा खरखरीत असते, माल कोरडा वाटतो, आणि मग मिक्सरवाला पाइप धरून पाणी वाढवतो. सगळा घात तिथे होतो. ०.४५ म्हणजे पन्नास किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी. वाळूत ओल असेल तर ती यातूनच वजा. मी मिक्सरजवळ रंगाची रिकामी बादली ठेवतो, आतून खूण केलेली, आणि पाइप काढून टाकतो. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर वापरायचा, पाणी नाही. कामगारांना सुरुवातीला त्रास वाटतो, दहा गोण्यांनंतर हात बसतो.

विहिरीचा मुद्दा तुम्ही विचारलाच नाही, पण तो सर्वांत मोठा आहे. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे तुमचा ठेकेदार वर्षातल्या सर्वांत खारट पाण्यात स्लॅब कालवणार. मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. पाणी प्रयोगशाळेत तपासा, आणि ज्या महिन्यात ओतणार त्याच महिन्याचा नमुना द्या. जीभेला मचूळ लागत असेल तर तपासल्याशिवाय एक बादलीही घेऊ नका. क्युरिंगलाही तेच पाणी वापरायचं आहे, हे ध्यानात ठेवा.

यावरून कामाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात पायाचे खड्डे काढा. तेव्हा जमिनीत पाणी कुठून झिरपतं ते डोळ्यांना दिसतं. मार्चात कोरडे खड्डे पाहून काहीच कळत नाही. डिसेंबरपर्यंत जोतं वर यावं आणि पहिला स्लॅब जानेवारी-फेब्रुवारीत पडावा. विहिरीला तेव्हा गोडं पाणी असतं. स्लॅबवर मातीची आळी करून निदान चौदा दिवस पाणी साठवायचं, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळायचं. उन्हाची तिरीप लागली की गोणपाट तासाभरात वाळतं, म्हणून दिवसातून चार-पाचदा पाणी मारायला एक माणूस नेमून ठेवा. ‘पाऊसच क्युरिंग करेल’ हे मला मुळीच पटत नाही. वळवाची सर ताज्या मालावर पडली की वरचं सिमेंट धुऊन जातं आणि खडी उघडी पडते. शिवाय तुमच्या आराखड्यात खालच्या बाजूला भराव आहे. त्या भरावावर सेंट्रिंगच्या टेकूंचे पाय असणार. पहिल्या जोरदार पावसात भराव बसला की टेकू इंच-दीड इंच खाली जातात आणि स्लॅबला कायमची झोळ येते. हे मी एका शेजारच्या साइटवर झालेलं पाहिलं आहे. तो स्लॅब शेवटी तोडावा लागला.

त्या भरावाकडेच येतो, कारण तुमच्या जागेची खरी परीक्षा तिथे आहे. उतार कापून अर्धं घर कापलेल्या कातळावर आणि अर्धं भरावावर बसवलं, तर कातळावरचा भाग हलत नाही, भरावावरचा बसतो आणि घर मधोमध चिरतं. प्रत्येक फुटिंग (कॉलमचा पाया) भरावातून खाली, मूळ घट्ट जमिनीपर्यंत गेलंच पाहिजे. खालच्या बाजूचे कॉलम उंच होतील, खर्च वाढेल, तरी तडजोड करू नका. त्याहून बरं म्हणजे कापणीच कमी करा आणि घर दोन पातळ्यांवर बसवा. आपल्या जुन्या घरांत पडवी, ओटी, माजघर पायऱ्यांनी वर चढत जातं, ते उताराशी जुळवूनच.

‘खाली जांभा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. जांभ्याचं वरचं कवच कडक असतं, पण त्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळी, बोटाला साबणासारखी लागणारी मऊ माती असते. शेजारच्या विहिरीत डोकावून बघा. कडक थर किती फूट आहे आणि मऊ कुठे सुरू होतो, ते तिच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. कवच पातळ असेल तर ब्रेकरने फोडून फुटिंग आत घालण्याऐवजी रुंद करून वरच बसवणं योग्य ठरू शकतं. तो निर्णय इंजिनीअरने खड्ड्यात उतरून घ्यायचा, कार्यालयात बसून नाही.

वरच्या बाजूची कापलेली दरड उघडी ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तुमचा उतार तेवढा मोठा नाही, पण पाण्याचा स्वभाव तोच. दरडीच्या माथ्यावर, काठापासून थोडं मागे, आडवा चर काढा आणि त्यातलं पाणी घराला वळसा घालून खाली सोडा. रिटेनिंग वॉल बांधाल तर तिच्यामागे दगड-खडीचा थर घाला आणि भिंतीत मीटर-सव्वा मीटरवर तीन इंची पाइपाची भोकं ठेवा. आजोबांच्या काळातला गडगा अजून उभा आहे, कारण तो कोरडा रचलेला आहे आणि पाणी फटींतून निघून जातं. भोकं नसलेली काँक्रीटची भिंत मात्र मागे तुंबलेल्या पाण्याला धरून राहते आणि एका जुलैत कलते. जोत्याची उंची ठरवण्याआधी वाडीतल्या जाणत्या माणसांना विचारा, २००५ आणि २०२१ च्या पुरात खाडीचं पाणी कुठल्या झाडापर्यंत, कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. त्याच्या वर जोतं घ्या.

छज्जे आपल्याकडे सर्वांत आधी जातात. पातळ असतात आणि दोन्ही बाजूंनी भिजतात. कडेच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीची खाच ठेवा, म्हणजे पागोळी तिथेच तुटते आणि पाणी वळून भिंतीकडे येत नाही. वरच्या स्लॅबवर नंतर पत्र्याची शेड घालणार असालच, आपल्याकडे घालावीच लागते. तिच्या खांबांचे बोल्ट स्लॅब ओततानाच आत बसवून घ्या, नंतर ड्रिल मारून नवा स्लॅब फोडू नका. निसर्ग वादळात, ३ जून २०२०ला, श्रीवर्धन-दिवेआगरकडे पत्रे कसे उडाले ते लक्षात ठेवून ते बोल्ट इंजिनीअरकडूनच ठरवून घ्या.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचं टोक १३५ अंशांत आत वळलेलं हवं, काटकोनात नाही. कोयना आपल्यापासून फार लांब नाही आणि १९६७ चा भूकंप घाटाखालीही जाणवला होता. फिटरला जास्त मेहनत पडते म्हणून तो टाळतो, तेवढं स्वतः बघा.

एक शेवटचं विचारतो. वरचा मजला खरंच हवा आहे का? घरात चारच माणसं आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. तळमजलाच पुरत असेल तर नऊ किंवा बारा इंची चिऱ्याच्या भिंती, जोत्याला आणि खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा आणि वर कौलं, असं घर मी इथे जास्त मनापासून सुचवेन. त्यात गंजायला लोखंडच थोडं असतं. मजला घ्यायचाच असेल तर ऑक्टोबरात खड्डे काढून झाल्यावर, पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट) टाकायच्या आधी, प्रत्येक खड्ड्याच्या तळाचा आणि शेजारच्या विहिरीच्या भिंतीचा फोटो इथे टाका. तोपर्यंत ठेकेदाराला खाडीच्या वाळूचा ॲडव्हान्स देऊ नका.