इंदूरमध्ये मराठी शेजाऱ्यांशी येशूबद्दल कसं बोलावं?

आधी त्यांचं ऐका. नाताळचा फराळ द्यायला स्वतः जा, अडीअडचणीला धावून जा. विषय निघालाच तर स्वतःचा अनुभव सांगा, त्यांच्या देवांवर घसरू नका. पेत्राच्या पहिल्या पत्रातही (३:१५) विचारणाऱ्याला सौम्यतेनं उत्तर द्यायला सांगितलंय.

भाषा घरातली असू द्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली. भजन ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच आपलं वाटतं, आपली चर्चमधली पुस्तकी मराठी नाही वाटत (आमच्या पाळकांना हे अजून पटलेलं नाही!).

आणि मदतीला अट अजिबात नको. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानं आमिष दाखवून धर्मांतर करणं गुन्हा आहे.