आयशा की आयेशा, आणि त्याचा अर्थ खरंच 'ऐश करणारी' का?

तुमचा प्रश्न असा की बहिणीच्या मुलीचं नाव आयशा ठेवायचं जवळजवळ ठरलंय, पण घरातल्या एका मोठ्या माणसाने "अगं, त्याचा अर्थ ऐश करणारी" असं सांगून सगळ्यांना विचारात पाडलंय, नेटवर कुठे 'समृद्ध', कुठे 'सुखी', कुठे तर 'चंद्रासारखी' असं दिलंय, आणि वर आयशा, आयेशा, आएशा यातलं नेमकं काय लिहायचं हाही घोळ आहेच.

आधी अर्थ सांगते. आयशा म्हणजे 'जगणारी'. बस, एवढंच. जिती, जिवंत असलेली. अरबीत 'आश' म्हणजे 'तो जगला', त्याचं कर्तृवाचक रूप 'आइश' म्हणजे जगणारा, आणि स्त्रीलिंगी केलं की 'आइशा'. समृद्ध, सुखी वगैरे जे अर्थ फिरतात ते "चांगलं जगणारी" असं ताणून नंतर चिकटवलेले आहेत. मला विचाराल तर 'समृद्ध' पेक्षा 'जगणारी' हा अर्थ कितीतरी मोठा आहे. ज्या काळात जन्मलेली निम्मी मुलं हाताशी लागतील की नाही याची खात्री नसायची त्या काळातलं हे नाव, मुलीला पहिली हाक मारतानाच "जग बाई" असा आशीर्वाद. आपल्याकडे जिवाजी, जिवबा, संजीवनी ही नावं त्याच पोटतिडकीतून आली, आणि धोंडू, दगडू, केरू ही पण, फक्त तिथे वाट उलटी, की नाव असं ठेवायचं की मृत्यूचं लक्षच जाऊ नये.

आता 'ऐश'. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं ते पूर्ण चूक नाही, म्हणूनच नीट सांगायला हवं. ऐश हा शब्द त्याच धातूचा आहे, पण अरबीत 'ऐश' म्हणजे नुसतं जगणं, जीवन. मौजमजा हा अर्थ फारसी-उर्दूच्या वाटेवर चढला आणि आपल्याकडे येईपर्यंत ऐषआराम, ऐश करणे असा पक्का झाला. मूळ अर्थ किती साधा होता ते बघायचं तर इजिप्तमध्ये जा, तिथे ऐश (बोलताना 'एश') म्हणजे भाकरी! २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात लोक ओरडत होते ते "ऐश, हुर्रिया, अदाला इग्तिमाइया", म्हणजे भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. आणि कुवेत-बहारीनला नोकरी करून आलेल्या कोकणातल्या कुणालाही विचारा, तिथे ऐश म्हणजे भात. ज्यावर माणूस जगतो ते ऐश, मग नाईलकाठी ती भाकरी आणि आखाताच्या किनाऱ्यावर भात.

याच धातूची अजून दोन भावंडं आपल्या बोलण्यात आहेत. 'अय्याश' आपल्याकडे शिवीच्या जवळ जातो, पण अरबांत अय्याश हे चांगलं पुरुषाचं नाव आहे, खूप जगणारा या अर्थाचं. आणि दुसरं म्हणजे 'बदमाश'. 'मआश' म्हणजे उपजीविका, पोटापाण्याची सोय, त्याला फारसी 'बद' लागला, ज्याची कमाई वाईट मार्गाची तो बदमाश. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले होते. तर एकाच धातूतून आयशा, ऐश, अय्याश, बदमाश, पण म्हणून एकाचा अर्थ दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

दोन गैरसमज पटकन. 'चंद्रासारखी' हा अर्थ तुर्कीवरून आलेला दिसतो, तुर्कीत 'आय' म्हणजे चंद्र आणि आयला, आयसेल अशी चंद्राची नावं तिकडे खरंच आहेत, पण तुर्की 'आयशे' हे आपलं अरबी आयशाच, त्यात चंद्र नाही. दुसरा म्हणजे आयुष्य आणि आयशा, ऐकायला सारखे आणि अर्थही जगण्याचाच, त्यामुळे मोह होतो पण हा निव्वळ योगायोग आहे. संस्कृत 'आयुस्' चे नातलग ग्रीक-लॅटिनमध्ये सापडतात, अरबीत नाही. आणि आयशाच्या सुरुवातीला नुसता आ नाहीये, अरबीतला 'ऐन' आहे, घशाच्या खोलातून काढायचा उच्चार, जो आपल्याकडे येताना गळून पडतो, जसा अक्कल, अर्ज, इमारत यातून गळाला.

आता लिहायचं कसं, इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण उत्तर आपल्या मराठीतच पडलेलं आहे. मूळ उच्चार आ-इ-शा, मधे किंचित थांबून. हाच साचा असलेले अरबी शब्द मराठीत आले तेव्हा त्यांचं काय झालं बघा. 'फाइदा' चा फायदा झाला, 'काइम' चा कायम, 'लाइक' चा लायक, 'गाइब' चा गायब, 'नाइब' चा नायब (नायब तहसीलदार मधला). म्हणजे मधल्या 'इ' चा दर वेळी 'य' झाला. कुणी फायेदा लिहित नाही, गायेब लिहित नाही. त्याच नियमाने 'आइशा' ची आयशा. फायदा आणि आयशा यांचा साचा तर अगदी एकच, शेवटच्या 'आ' सकट. 'आयेशा' मधला तो 'ये' इंग्रजी स्पेलिंग वाचून आलाय, वाय नंतर ई दिसला की आपण ये म्हणतो. चूक म्हणणार नाही, हजारो मुली ते नाव लावतात आणि ज्याचं नाव त्याने ठरवलेलं तेच बरोबर, पण नव्याने ठेवताय तर आयशा लिहा. आणि जन्मदाखल्यावर मराठी-इंग्रजी दोन्ही नावं येतात तेव्हा दोन्हीकडचं स्पेलिंग त्याच दिवशी ठरवून टाका. आमच्या चिपळूणच्या शेजारी एक आजी होत्या, सगळी आळी त्यांना ऐशाबी म्हणायची, रेशनकार्डावर आयशाबी, मतदारयादीत आशाबी आणि बँकेच्या पासबुकावर ऐसाबी. पेन्शनच्या कागदांसाठी चारही एकच बाई असं लिहून द्यायला त्या माझ्या वडिलांकडे आल्या होत्या, पिशवीतून एकेक कागद काढून ओट्यावर ओळीने मांडलेला मला अजून दिसतो.

नाव इतकं पसरलं कशामुळे, तर त्यामागे एक व्यक्ती आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा, अबू बक्र यांची मुलगी. दोन हजारांहून जास्त हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या सांगितलेल्या आठवणी, त्यांच्या नावावर आहेत, त्यांच्याकडे विचारायला मोठमोठे लोक यायचे, ६७८ मध्ये मदिनेत त्यांचं निधन झालं. सुन्नी मुसलमानांत त्यामुळे हे नाव प्रचंड चालतं, शियांमध्ये सहसा ठेवत नाहीत, म्हणून शियाबहुल इराणात ते क्वचितच ऐकू येतं. तुर्कस्तानात मात्र फातमा आणि आयशे म्हणजे घरोघरची नावं. १९७४ मध्ये सायप्रसच्या बोलणीसाठी जिनिव्हाला गेलेल्या तुर्की परराष्ट्रमंत्र्यांनी, तुरान ग्युनेश त्यांचं नाव, फोनवर सांगितलं "आयशेला सुट्टीवर जाऊ दे", आयशे ही त्यांची मुलगी, आणि ते वाक्य म्हणजे सायप्रसवर तुर्कस्तानची दुसरी लष्करी मोहीम सुरू करायचा ठरलेला इशारा होता! पश्चिम आफ्रिकेत हेच नाव ऐसातू, नायजेरियाच्या हौसा लोकांत आइशातू. तो शेवटचा 'तू' कुठून आला तर जुन्या अरबीत विभक्तीसकट उच्चार 'आइशतु' असा होतो, आपण तोच 'त' किंमत, हिंमत मध्ये ठेवला आणि फायदा मध्ये सोडला. झांझिबारकडे स्वाहिलीत तर त्याचं चक्क 'आशा' झालं, आपल्या आशाताईंसारखं ऐकू येणारं. इंग्लंड-वेल्समध्येही मुलींच्या पहिल्या शंभर नावांत ते वर्षानुवर्षं दिसलंय.

तुम्ही शेवटी दबकत विचारलंय की हे फक्त मुसलमानांचंच नाव का. नाव मुसलमान घरांमुळेच जिवंत राहिलं, ते मान्य करूनच बोलावं. पण जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचं घरचं नाव माहितीये का? आयेशा. त्यांच्या आई इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक, १९१९ मध्ये लंडनला बाळंतपणाच्या दिवसांत त्या रायडर हॅगार्डची 'शी' ही कादंबरी वाचत होत्या, तिच्या नायिकेचं नाव आयेशा, तेच मुलीला दिलं. पत्रिकेप्रमाणे गायत्री नंतर ठेवलं, पण जवळची माणसं आयुष्यभर आयेशाच म्हणत राहिली. म्हणजे मराठी राजघराण्यातल्या मुलीने शंभर वर्षांपूर्वी हे नाव नुसतं आवडलं म्हणून ठेवलंय.

राहता राहिलं लाडाचं नाव. आपण आयशू, आयशे म्हणणारच. पण अरबीत हाक मारताना नावाचं शेवटचं अक्षर प्रेमाने गाळायची जुनी रीत आहे, आणि हदीसमध्ये पैगंबर पत्नीला अशीच हाक मारतात, "या आइश". बहिणीला सांगा, शेवटचा 'आ' सोडून एकदा हाक मारून बघ.