दोन स्पर्धक दुकानदारांची नाताळातली प्रेमकथा लिहितोय, पण शेवट पहिल्या पानावरच कळतो आणि मसुदा वाचलेल्या तिघांनाही ‘मधे कंटाळा आला’. काय करू?

शेवट कळतो, हे ऐकून खचू नका. या जातीच्या गोष्टीत तो कळलाच पाहिजे. पुस्तक हातात घेतानाच वाचक जाणून असतो की नाताळ उजाडेपर्यंत ही दोघं एकत्र येणार, कोणी मरणार नाही, कोणाचं दिवाळं वाजणार नाही. दिवसभर डोकं पिकलेलं असतं, रात्री पांघरुणात शिरून त्याला तेवढीच हमी हवी असते. ती लपवायच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली ओळ दुसरीच आहे. वाचणाऱ्या तिघांनाही ‘मधे कंटाळा आला’. तुम्ही कथानक दिलंय, त्यातच कारण दिसतंय. रस्त्याच्या दोन बाजूंना भेटवस्तूंची दोन दुकानं, एक तिचं, एक त्याचं. डिसेंबर लागतो, दर्शनी काचा सजवायची चुरस होते, टोमणे मारून होतात, बर्फ पडतो, वीज जाते, दोघं एका दुकानात अडकतात, मेणबत्ती पेटते, प्रेम जमतं आणि शेवटी दोन दुकानांचं एक होतं. यात सगळं आहे, दुकानदारी सोडून. अख्ख्या डिसेंबरात एकही गिऱ्हाईक गल्ल्यावर पैसे ठेवत नाही!

मी शिकत असताना चार डिसेंबर अशाच एका दुकानात काउंटरच्या आत उभी राहून काढलेत. काम मुख्यतः वस्तू कागदात गुंडाळून द्यायचं. शिवाय या प्रकारच्या प्रेमकथा वाचायची मला खोड आहे, वर्षाला किती वाचते ते विचारू नका. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलते.

दुकानदाराचा नाताळ डिसेंबरात सुरू होत नाही. काय मागवायचं, किती मागवायचं, हे त्यानं कित्येक महिने आधी, नाताळाचा मागमूसही नसताना ठरवलेलं असतं. पैसा तेव्हाच अडकतो. डिसेंबरात फक्त निकाल लागतो. आणि 24 तारखेला शटर खाली आलं की उरलेल्या मालाची किंमत एका रात्रीत घसरते. ज्या वस्तूवर लाल-हिरवं काही छापलंय ती तर वर्षभर माळ्यावर जाऊन बसते. म्हणजे तुमच्या गोष्टीत तारीख ही सजावट नाही, टिकटिकणारं घड्याळ आहे. दोघांनी एकमेकांना न सांगता तोच माल भरलाय, हे पहिल्या चार पानांत ठेवा. खोकी उघडताना समोरच्या दुकानातही तशीच खोकी उघडली जाताहेत, हे तिला काचेतून दिसतं. आता भांडण खरं झालं. काच कोणाची सुंदर, या वादात हरल्यावर फार तर नाक कापलं जातं, इथे पुढच्या महिन्याचं भाडं जाईल.

या गोष्टीची वंशावळ पाहिलीत तर हेच दिसतं. 1937 साली बुडापेस्टमध्ये मिक्लोश लास्लो या नाटककाराचं एक नाटक रंगभूमीवर आलं, अत्तरांच्या दुकानात घडणारं. एकाच दुकानात नोकरीला असलेली दोघं, समोरासमोर एकमेकांना पाण्यात पाहणारी, आणि निनावी पत्रांतून एकमेकांच्या प्रेमात पडलेली. त्यावर 1940 मध्ये अर्न्स्ट लुबिचनं ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट केला. त्यात अत्तरांच्या जागी चामड्याच्या वस्तू आल्या आणि शेवट नाताळच्या आदल्या रात्री दुकानातच झाला. 1949 च्या चित्रपटात तीच गोष्ट वाद्यांच्या दुकानात गेली, 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर संगीतिका होऊन परत अत्तरांकडे आली. लक्षात घ्या, तोवर दोघं नोकरच होते. दोघांना आपापली दुकानं मिळाली ती 1998 च्या ‘यूव्ह गॉट मेल’ या चित्रपटात: तिचं मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान, त्याची पुस्तकांच्या दुकानांची अवाढव्य साखळी.

हे एवढं सांगायचं कारण असं की या सगळ्यांत पोटापाण्याला धक्का लागतो. 1940 च्या चित्रपटात नायकाची नोकरी जाते, आपल्या बायकोशी याचंच काहीतरी आहे असा मालकाला संशय येतो म्हणून. आणि 1998 मध्ये तिचं दुकान चक्क बंद पडतं. लोकांना तो चित्रपट उबदार म्हणून आठवतो, रिकाम्या फळ्या आठवत नाहीत. तिला माणूस मिळाला, दुकान गेलं. मला तो शेवट अजूनही थोडा टोचतो, पण मधे कंटाळा आल्याचं मला आठवत नाही.

तुम्हाला दुकान बंद पाडायची गरज नाही. फक्त ते पडू शकेल असं एका रात्रीपुरतं तरी वाटलं पाहिजे.

आता स्पर्धेबद्दल. समोरचं दुकान बंद झालं तर आपलं भलं होईल, असं प्रत्येक दुकानदाराला वाटतं. तरी जगभर एकाच जिन्नसाची दुकानं एकमेकांना खेटून असतात. 1929 साली हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं यावर लिहिलं होतं. सरळ रस्त्यावर दोन विक्रेते असतील तर जास्तीत जास्त गिऱ्हाईक ओढायच्या नादात दोघंही रस्त्याच्या मध्याकडे सरकत जातात आणि शेवटी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. (प्रेमकथेचं याहून नेमकं वर्णन कुठल्याच प्रेमकथेत मला सापडलेलं नाही.) त्यात गिऱ्हाइकाचा स्वभाव मिळवा. चार ठिकाणी बघून घ्यायचं तर लोक जिथे दोन दुकानं आहेत त्या रस्त्यावर येतात. एकच असेल तर दुसरीकडे जातात.

यात तुमच्या गोष्टीचा मधला खांब आहे. एके दिवशी तो तापानं आजारी पडतो, त्याचं शटर उघडत नाही. ती मनातल्या मनात हिशेब मांडते: आज दुप्पट धंदा. दुपार होते. लोक रस्त्याच्या तोंडाशी येतात, एक दुकान बंद दिसतं, आत शिरायचा कंटाळा करतात आणि वळतात. संध्याकाळी ती गल्ला मोजते, कालच्याहून कमी. दुसऱ्यांदा मोजते, तेवढाच. मग शटर ओढायच्या आधी अंधाऱ्या समोरच्या काचेकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहते. तिला त्याची आठवण येतेय की धंद्याची, हे तिलाही कळत नाही. इथे तुम्ही ‘तिच्या हृदयात काहीतरी हललं’ असं लिहिलंत तर मी तुम्हाला माफ करणार नाही. गल्ला कमी भरला, एवढंच लिहा.

बारीक तपशिलाचं म्हणाल तर एक प्रसंग सुचवते. नाताळच्या आधीचा शेवटचा शनिवार, संध्याकाळ, काउंटरपुढे माणसांच्या तीन रांगा. कागदात वस्तू बांधणारं माणूस टेपचे तुकडे ऐन वेळी कापत बसत नाही. आधीच दहा-पंधरा कापून काउंटरच्या कडेला ओळीनं अर्धवट चिकटवून ठेवतं, एकेक ओढत जातं. त्या ओळीतला शेवटचा तुकडा ती ओढते, ड्रॉवर उघडते आणि हातात फक्त पुठ्ठ्याचं रिकामं कडं येतं. या वेळी टेप कोणाकडे असणार? ती रस्ता ओलांडते. तोही गिऱ्हाइकात बुडालेला. मान वर न करता तो दोन रिळं काढून पुढे सरकवतो. ती पाकीट काढते, तो मान हलवतो, कानावरची पेन्सिल घेतो आणि उधारीच्या वहीत लिहितो: ‘समोर. टेप 2.’ तिचा संताप होतो. तशीच दिली असती तर उपकार झाले असते, याने तर वहीत मांडलं! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती दोन नवी रिळं त्याच्या काउंटरवर आपटून जाते.

24 च्या रात्री, दोन्ही शटर खाली आल्यावर, काही ना काही निमित्तानं ती वही तिच्या हातात येऊ द्या. पानभर उधारी, वसूल झालेल्या प्रत्येक ओळीवर काट. त्या एका ओळीवर नाही.

“हे मी फेडलंय.”

“माहीत आहे.”

एवढ्यावर थांबा. मिठी, चुंबन, बर्फ, जे काय घालायचं ते वाचक स्वतः घालेल. तसंही 24 च्या रात्री दुकानदाराच्या अंगात प्रेमाची लांबलचक कबुली द्यायचं त्राण नसतं. पाय सुजलेले, बोटांना कागदाच्या कडांनी चिरे पडलेले, घसा बसलेला. मी तर चारही वर्षं 25 तारखेला दुपारपर्यंत झोपले होते. आणि 26 पासून बदलून मागणाऱ्यांची रांग.

त्या ओळीतल्या ‘समोर’ या शब्दाकडे जरा लक्ष द्या. दुकानदार स्पर्धकाचं नाव घेत नाहीत. तो ‘समोरचा’, ती ‘समोरची’. पहिली शंभर पानं दोघांना एकमेकांची नावं घेऊ देऊ नका. शिवाय मराठीत लिहिताय तर ‘तुम्ही’ आणि ‘तू’ हे हत्यार हातात आहे, ते वाया घालवू नका. भांडताना कडक, खोचक ‘तुम्ही’. कोणीतरी एकदा चुकून ‘तू’ म्हणतं, दोघंही ऐकलं न ऐकल्यासारखं करतात, पुढच्या वाक्यात परत ‘तुम्ही’. तुमच्या मसुद्यात दोघं तिसऱ्या पानापासूनच अरे-तुरे करत असतील तर ते आधी दुरुस्त करा.

बर्फाचं फार मनावर घेऊ नका. पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात नाताळ भर उन्हाळ्यात येतो, तिथेही माणसं प्रेमात पडतात. ऊब येते ती बाहेर गर्दी-अंधार आणि आत छोट्याशा जागेत दिवा, यातून. आणि उरलेल्या मालाची चिंता फारच गडद झाली तर एक गंमत हाताशी ठेवा. जुन्या ज्युलियन पंचांगानं चालणारी काही ऑर्थोडॉक्स चर्चेस आहेत, त्यांचा नाताळ आपल्या कॅलेंडरवर 7 जानेवारीला पडतो. 28 डिसेंबरला एखादी आजी शांतपणे दुकानात शिरून ‘अजून वेळ आहे ना?’ म्हणत नाताळाची खरेदी करू लागली, तर तो चमत्कार न वाटता चमत्कारासारखा वाटेल.

दोन गोष्टी मात्र करू नका, एवढी विनंती. एक, मधेच एखादा बिल्डर किंवा मॉलवाला आणून दोघांना त्याच्याविरुद्ध एक करू नका. फार सोपी वाट आहे ती. ज्या भांडणासाठी आम्ही आलो ते तुम्ही तिसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळे होता. दुसरी गोष्ट तुमच्या शेवटाची: दोन दुकानांचं एक. तुम्हाला तो गोड वाटतो, मला पहिला प्रश्न पडतो की पाटी कोणाची उतरली? अशा गोष्टींमध्ये बहुतेक वेळा तिची उतरते, आणि लेखकाच्या ते लक्षातही येत नाही. दोन्ही दुकानं राहू द्या. सकाळी एकाच घरातून निघून दोघांनी आपापलं शटर उघडावं आणि दिवसभर एकमेकांचं गिऱ्हाईक पळवावं. मला तर हे एकत्र दुकानापेक्षा पुष्कळ जास्त प्रेमाचं वाटतं.

सुरुवात कुठून करावी म्हणाल तर तुमच्या वीज जाण्याच्या प्रसंगापासूनच करा, तो टाकू नका. वीज गेली की इंटरनेटचा डबा बंद, कार्डाचं मशीन मुकं. दुकानात वीस माणसं, सगळ्यांच्या हातात मोठ्या नोटा आणि तिच्याकडे सुट्टे संपलेले. समोर त्याच्या दुकानात खुर्द्याची पिशवी भरलेली, पण मेणबत्त्या त्याने मागवलेल्याच नाहीत, कारण त्या ती विकते. आता दोघांपैकी रस्ता आधी कोण ओलांडतं, तेवढं एक पान लिहून बघा.